सहाव्या सैनिकाचे डोळे

सासूबाई दांडिया बाजारातलं बिऱ्हाड सोडून आमच्याकडे, शहराच्या दुसऱ्या भागात, समाला राहायला आल्या, त्या पावसाळ्यात माझ्याकडे सहा सैनिकांचं काम होतं. त्या हौसेने आल्या नव्हत्या. दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेल्या होत्या. तिसऱ्यांदा देवळातून घरी परतल्याच नाहीत. ओळखीच्या एका फुलवालीने त्यांना सूरसागर तलावाच्या काठावरून हाताला धरून आणलं. त्यानंतरच्या रविवारी नवऱ्याने टेम्पो ठरवला आणि दुपारपर्यंत त्यांचा पाट, त्यांची ट्रंक आणि त्या स्वतः आमच्या दोन खोल्यांत आल्या.

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी बाहुल्या रंगवते, पण लहान मुलांच्या नव्हे, मोठ्या माणसांच्या. परदेशातून फूटभर उंचीचे, सगळे सांधे वळणारे सैनिक, अंतराळवीर, राक्षस येतात. जमवणारे लोक त्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. बाहुली म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरतो. कारखान्यातून आलेले सगळे चेहरे एकसारखे, गुळगुळीत असतात. ज्याला आपला वेगळा हवा असतो तो माझ्याकडे पाठवतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेने तो तास बंद केला आणि मी घरी बसले, तेव्हा शेजाऱ्यांच्या एका फिगरचा तुटलेला हात पुट्टीने जोडून दिला. तिथून हे सुरू झालं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, मग फोटो इंटरनेटवर गेले आणि कामं येत राहिली.

सहा सैनिकांचं काम देणारा माणूस सयाजीगंजमधला दातांचा डॉक्टर होता. स्वतः डबा घेऊन आला. चहा पिता पिता त्याने एकेक सैनिक टेबलावर उभा केला आणि म्हणाला, “बेन, मने थाकेला जोईए.”

“थकलेले म्हणजे कसे?”

तो अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत सांगू लागला. सहा महिने लढाईत राहिलेले. झोप नाही, आंघोळ नाही, घरून पत्र नाही. बुटांना चिखल पाहिजे, गालावर धूळ पाहिजे, पण मुख्य म्हणजे डोळे. “आंख में दिखना चाहिए,” असं तो दोनदा म्हणाला.

मी हो म्हटलं. मला वाटलं, हे तर आरशात बघूनही जमेल.

कारण त्या दिवसांत मी फार दमत होते. नवरा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात, पाळीची नोकरी. तो घरी असला तरी झोपलेला असायचा. सासूबाई सकाळी उठल्या की विचारायच्या, “आपण घरी कधी जायचं गं?” मी म्हणायचे, “आई, हेच घर आहे.” त्या मान हलवायच्या आणि पाव तासाने पुन्हा तेच. त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, जेवण झालंय हे पटवायचं, दार उघडून जिना उतरत नाहीत ना हे बघायचं. दुपारी दोन ते चार त्यांचा डोळा लागे. तेवढे दोन तास माझे.

त्या दोन तासांत मी सैनिकांची डोकी गरम पाण्यात टाकून मऊ करायचे आणि हलकेच ओढून काढायचे. गार असताना ओढलं तर मानेचा खुंटा तुटतो. मग भांड्यांच्या साबणाने प्रत्येक डोकं घासायचं, कारण साच्यातून निघताना प्लास्टिकला तेलकटपणा राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. जुना रंग स्पिरिटने उतरवायचा. नखांच्या पॉलिशचं रिमूव्हर वापरलं तर नाकच वितळतं, हे मी सुरुवातीला एक नाक घालवून शिकले होते. डोकी कबाबच्या काड्यांवर खोचून काड्या थर्मोकोलमध्ये रोवायच्या. मग अस्तराचा राखाडी थर, त्यावर कातडीचा रंग दुधासारखा पातळ करून पाच-सहा वेळा. जाड एकदा लावला की चेहऱ्यावरच्या बारीक रेषा बुजतात. नंतर तपकिरी पाणी सुरकुत्यांत सोडायचं आणि वरचं कापसाने टिपून घ्यायचं. डोळे सगळ्यात शेवटी.

खिडकीपाशी काड्यांवर उभी असलेली डोळे नसलेली ती सहा डोकी सासूबाईंना अजिबात आवडत नव्हती.

“हे कोण आहेत?”

“सैनिक आहेत, आई. डॉक्टरांचे.”

“आजारी आहेत का सगळे?”

“नाही, दमलेत.”

“मग निजव की त्यांना,” त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, “डोळे कधी देणार?”

हा प्रश्न त्या रोज विचारत. मला त्यामागचं कारण ठाऊक होतं. त्यांचे वडील गणपतीच्या दिवसांत मूर्ती करायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, मी आणि त्या मोदकांना बसलो असताना, त्यांनी मला सांगितलं होतं की दादांची, म्हणजे वडिलांची, नजर अधू झाली तेव्हा लग्न होईपर्यंतची तीन वर्षं सगळ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांनीच केली. “लोकांना सांगायचं नव्हतं. मुलीने डोळे काढले म्हटलं असतं तर कुणी मूर्ती नेली नसती.” एवढं बोलून त्या पुन्हा मोदकांच्या पाऱ्यांकडे वळल्या. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

पाऊस लागला होता. दोन चेहऱ्यांवर मी शेवटचा वॉर्निशचा फवारा मारला आणि हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरा धुरकट थर धरला. दोन्ही चेहरे पहिल्यापासून करावे लागले. डॉक्टरांना ते अहमदाबादच्या एका प्रदर्शनात मांडायचे होते आणि त्यांचा माणूस शुक्रवारी सकाळी न्यायला येणार होता. गुरुवारी दुपारी पाच सैनिक तयार होते. सहाव्याचे डोळे राहिले होते.

डोळ्यांचं काम अवघड असतं. सुपारीएवढं डोकं, त्यात तांदळाएवढा डोळा. आधी मळकट पांढरा, मग वरच्या पापणीची काळी रेघ, मग बुबुळ, आणि मग पापणी थोडी खाली ओढून बुबुळाचा वरचा भाग झाकायचा. तेवढ्याने माणूस दमलेला दिसतो. मी त्या दिवशी पांढरा लावला, तो वाळेपर्यंत म्हणून खुर्चीत मान मागे टाकली आणि मला झोप लागली. आदल्या रात्रीही नीट झोप झाली नव्हती.

जाग आली तेव्हा सासूबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या हातात काडीवरचं डोकं, उजव्या हातात माझा सगळ्यात बारीक ब्रश. त्या ब्रश बशीत ठेवत होत्या.

“झाले,” त्या म्हणाल्या. “ह्याचे राहिले होते. असं ठेवू नये.”

मी डोकं हातात घेतलं. पापणीची रेघ एका ओढीत आलेली होती, कुठे तुटलेली नाही, थरथरलेली नाही. टोकाशी ती बारीक होत कानाकडे वळली होती. बुबुळं मोठी, काळीभोर, पूर्ण उघडी. जेवताना ज्यांच्या हातून आमटीची वाटी सांडायची, त्या हाताने ते काढलं होतं. डोळे थेट माझ्याकडे बघत होते. त्या मळक्या, धूळ माखलेल्या चेहऱ्यावर ते टवटवीत डोळे.

हे सगळं मी आता सांगते आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की साडेतीन वाजलेत आणि काम पुन्हा करायचं आहे.

“आई, काय केलंत हे!” मी ओरडले. “हात कशाला लावलात? उद्या सकाळी न्यायला येणार आहेत!”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. माझ्याकडे बघितलं, मग डोक्याकडे.

“वाकडे झाले का?”

“वाकडे नाही झाले. पण असे नको होते.”

“मग कसे?”

मी कापूस गुंडाळलेली काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि डोळे पुसायला लागले. वर वॉर्निश नव्हतं, त्यामुळे अर्ध्या मिनिटात निघाले. सासूबाई बघत होत्या. काळा रंग कापसावर उतरला तसं त्या म्हणाल्या, “अगं, अगं,” इतक्या हळू की जणू कुणाला दुखत असावं. मग त्या उठल्या आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी पांढरा पुन्हा लावला. वाळल्यावर माझ्या हाताने डोळे काढले. उजवा चांगला आला, डावा केसभर खाली उतरला. दुरुस्त करायचं त्राण नव्हतं. तसाच ठेवला.

नवरा संध्याकाळी कामावरून आला. आई जेवत नाहीत असं मी म्हटल्यावर त्याने कारण विचारलं आणि मी झालेलं सांगितलं. तो बूट काढत होता, तो तसाच एक बूट हातात घेऊन थांबला.

“आईने? डोळे काढले?”

“त्या करायच्या ना आखणी, लग्नाआधी. तीन वर्षं.”

“कोण म्हणालं?”

“त्याच. मला सांगितलं होतं त्यांनी.”

त्याला ठाऊकच नव्हतं. पन्नाशीला आलेल्या मुलाला त्याच्या आईने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती आणि मी त्याला माहीत असेल असं धरून चालले होते. त्याने हातातला बूट खाली ठेवला.

“दाखव बघू.”

“पुसले मी.”

“फोटो तरी काढायचास.”

“सुचलं नाही रे.”

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त “बरं” म्हणाला आणि आईच्या पलंगाशी जाऊन बसला. मी वरण गरम करायला ठेवलं आणि गॅससमोर उभी राहून रडले. रडण्यातही फारसा जोर नव्हता.

शुक्रवारी माणूस येऊन डबा घेऊन गेला. चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. प्रदर्शनात लोक सहाव्या सैनिकासमोर जास्त वेळ उभे राहिले, असं त्यांनी सांगितलं. त्याचा एक डोळा जरा खाली आहे त्याने तो खरा दमलेला वाटतो, कसं सुचलं तुम्हाला? मी “बस, थई गयुं”, आपोआप झालं, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

नवऱ्याने मात्र तो विषय सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी तो आईसमोर कागद आणि काळं पेन ठेवायचा. “आई, गणपतीचे डोळे काढून दाखव ना.” त्या पेन हातात धरायच्या, कागदाची घडी घालायच्या आणि पदराखाली ठेवून द्यायच्या. एकदा तो मांडवीच्या बाजारातून शाडूची न रंगवलेली छोटी मूर्ती घेऊन आला. त्यांनी तिला नमस्कार केला आणि विचारलं, “दादा कुठे गेलेत?” मी माझा तोच बारीक ब्रश, तोच काळा रंग, तीच खुर्ची, सगळं तसंच मांडून बघितलं. काही उपयोग झाला नाही. कदाचित त्या दुपारी मी ओरडले म्हणून असेल, कदाचित त्या दुपारीच ते हातातलं शेवटचं वर आलं असेल. सासूबाईंचे डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणणं त्यांना सोपं होतं.

मी सासूबाईंची क्षमा मागितली होती, दुसऱ्याच दिवशी सकाळी, वेणी घालताना. “आई, काल मी फार बोलले.” त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कुणाला?”

त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या. शेवटचे काही महिने त्या बिछान्यावरच होत्या, म्हणून मी टेबल त्यांच्या खोलीत हलवलं. कामं कमी केली होती. तुटलेले सांधे, उडालेला रंग, एवढंच घ्यायचे. एका दुपारी एक म्हातारा कोळी आला होता, हातात जाळं असलेला, कुणीतरी मुद्दाम पुट्टीने दाढी वगैरे करून घडवलेला. त्याचे उडालेले डोळे पुन्हा काढायचे होते. मी त्यांच्या हातात ब्रश दिला. आता आशा म्हणून नाही, सवय म्हणून. त्यांनी तो बोटांत फिरवला, केसांचं टोक जिभेला लावून नीट केलं आणि मला परत दिला.

“तू कर. मी बघते.”

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून घेतली, त्यांना दिसेल असं डोकं धरलं आणि पापणीची रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर वर बघितलं तर त्यांचा डोळा लागला होता. मी पंखा एक नंबरवर केला आणि उरलेली रेघ पुरी केली.