एकाच खोलीची सफेदी

सत्तावन्नच्या निवडणुकीआधी मला मुलुंडमध्ये लोकांचा कौल विचारत फिरायचं काम मिळालं. फोर्टातल्या एका वर्तमानपत्राला निकालाचा अंदाज छापायचा होता. शाळा मी सहावीतच सोडलेली, पण अक्षर बरं होतं, त्यावर निभावलं. माझं गाव लांब, वऱ्हाडात. इथे मला पथारी टाकायला जागा दिली ती मालवणकडच्या काकांनी आणि मावशींनी. ना नातं ना गोतं. मी दोन वेळा जेवत होतो तो त्यांच्यामुळे.

चाळ कारखान्याची, काका तिथेच कामाला. मालकांची मर्जी गेली की खोली गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मालकांचा उमेदवार कोण, हेही.

वर्तमानपत्राच्या साहेबांनी बजावलं होतं, प्रश्न प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारायचा. सुरुवात घरातूनच केली. काका गॅलरीत दाढी करत होते.

"यंदा मत कुणाला देणार?"

"मराठी राज्य मागतत त्यांका," काका म्हणाले, पार टोकाच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.

"हळू बोला ना काका."

"मत लपवूक मी काय चोरी केलंय?"

मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आधी जेव, मगे माका विचार."

मग शेजारच्या दाराशी गेलो. शेजारी माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. जिन्यात कारखान्याचा मुकादम विडी ओढत उभा होता.

"आमचं अजून ठरलं नाही," शेजारी म्हणाला.

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढेही तेच. वरच्या मजल्यावर तर मी तोंड उघडायच्या आत एक बाई "ठरलं नाही हो" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. कालपर्यंत याच गॅलरीत निवडणुकीवरून हमरीतुमरी चालायची.

खाली मुकादमाने वाट अडवली. "काय रे वऱ्हाडी, किती जण मालकांच्या उलटे?"

"कुणाचंच ठरलेलं नाही."

तो हसला. "एवढ्या चाळीत एकाचंही नाही? म्हणजे सगळ्यांचं ठरलंय. आणि एकाचं तर मी ऐकलंय. तुझ्या काकाचा आवाज खणखणीत आहे हां."

मी काकांना सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्या विचारण्यापायी तुमची खोली जायला नको, मी दुसरीकडे जातो.

"तू गेल्यान माझां मत बदलतलां काय?" एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात काका पहिल्या पाळीला गेलेले असताना बादल्या आणि कुंचे घेऊन दोन माणसं आली. मागे मुकादम.

"सामान बाहेर काढा, मावशी. मालकांनी सफेदी सांगितलीय."

"सगळ्या चाळीक?"

"आधी तुमची."

त्याच्या हातात नवं कुलूप होतं. मी घाबरून ट्रंकेला हात घातला.

"ठेव ती खाली," मावशी मला म्हणाल्या. शेगडीवरच्या भातावर त्यांनी झाकण ठेवलं आणि तिथेच बसल्या. "मारा सफेदी. मी हयच बसतंय."

माणसं मुकादमाकडे बघायला लागली. त्याने मान हलवली. कुंचे भिंतीवर फिरले. मावशींच्या केसांवर, खांद्यांवर, ट्रंकेवर पांढरे थेंब पडत राहिले. त्या हलल्या नाहीत. आता हे त्यांना ओढून बाहेर काढणार, असं मला सारखं वाटत होतं. गॅलरीतली दारं एकेक उघडली. माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

भिंती संपल्या. मुकादमाने सगळ्यांवरून नजर फिरवली, कुलूप उघडंच आमच्या दाराच्या कडीत अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मतदान होऊ दे," तो म्हणाला.

काकांची पाळी सुटायला अजून बराच वेळ होता.