मैमुनाचं गवताचं घर

मैमुना रियाधमधल्या एका भारतीय शाळेच्या फाटकावर बारा वर्षं राखणीला बसत होती. दूर दक्षिणेतल्या जिझानकडची, पन्नाशी ओलांडलेली, एकटी. मुलांचं ऐकून ऐकून मोडकंतोडकं हिंदी शिकलेली. ती आधी कुठे राहायची, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात चौथीच्या विभावरीबाईंनी ओसाड जागी पहिल्यांदा घर करणाऱ्या माणसांचा धडा पुस्तक मिटून शिकवायचं ठरवलं. मुलांनी खोक्यांची घरं केली, दगडावर गहू भरडले, आणि बरण्यांत दही घालून ती लोणी काढायला बसली. अर्धा तास हलवूनही लोणी येईना. शर्विलनं तर बरणी खाली ठेवून "टीचर, खलास," असं सांगून टाकलं.

हजेरीचे कागद न्यायला आलेली मैमुना दारातच थांबली होती. तिनं ती बरणी उचलून गालाला लावली.

"ये बहुत ठंडा है," ती म्हणाली. "इसको धूप दो."

सगळे अंगणात गेले. मैमुना भिंतीशी बसली, बरणी मांडीवर आडवी घेऊन झुलवू लागली. दही डुबुक डुबुक वाजू लागलं आणि त्या लयीतच ती बोलत गेली. तिचे आजोबा दोन शेळ्या घेऊन मोकळ्या माळावर आले, पाणी लागलं तिथे राहिले. आजीनं गवताची गोल झोपडी शाकारली. पुढे त्याच झोपडीत आई पहाटे कातड्याची पिशवी टांगून ताक घुसळायची आणि लहानगी मैमुना ऐकत पडून राहायची.

"नींद में लगता था, घर चल रहा है."

मुलं तिच्याभोवती सरकून बसली. बरणीत पिवळसर कण तरंगू लागले, ते कुणाच्या आधी लक्षातच आलं नाही.

मग ते लोणी खुबूसच्या रोटीला लावून खाताना शर्विलनं विचारलं, ते घर आता कुठे आहे? मैमुना हसली. सगळे शहरात गेल्यावर ते पावसात कोसळलं, म्हणाली. "घास था, घास हो गया."

दुसऱ्या दिवशी विभावरीबाईंनी मुख्याध्यापिकांना सांगून त्या दिवसापुरतं फाटकावर दुसऱ्या बाईंना बसवलं. बागेतल्या छाटलेल्या खजुरीच्या झावळ्या मुलांनी ओढून आणल्या. मैमुनानं त्या गोलाकार उभ्या केल्या, वर एकत्र बांधल्या. दुपारची उन्हं कलली तेव्हा झोपडी उभी होती. मुलांनी तिलाच आधी आत जायला लावलं.

ती वाकून आत गेली आणि बसली. झावळ्यांतून आलेलं ऊन तिच्या हातांवर हलत होतं. मग तिनं जमिनीवर शेजारची जागा हातानं साफ केली आणि विभावरीबाईंना हाक मारली.

"आओ मैडम. पहला मेहमान."

विभावरीबाईंनी चपला बाहेर काढल्या.