भाऊजींची डबलसीट

सूड उगवायला निघालेल्या परसरामला पहिल्याच सकाळी सवयीनं दगा दिला. भैय्यालालच्या दारावरून घंटी वाजवत, मान वर करून सायकल पुढे काढायची, असा त्याचा बेत. पण वर्षानुवर्षं मोटरसायकल तिथेच थांबवलेली. हातानं आपोआप ब्रेक दाबला. भैय्यालाल डबा घेऊन आला, सायकलकडे पाहिलं आणि टपकन कॅरियरवर बसला. "चला भाऊजी. आज हवा लागन."

दोघं शहापूरचे, भंडाऱ्यात एकाच कापड दुकानात कामाला. भैय्यालाल परसरामच्या बायकोचा चुलतभाऊ, म्हणजे साळा. उतर म्हणायची सोय नाही. परसराम कधी भांडत नाही, मनात ठेवतो आणि लोणच्यासारखं मुरवतो.

मुरत होतं ते हे : पेट्रोलनं शंभरी ओलांडली, तेव्हा भंडाऱ्याच्या नाक्यावर चहा पिताना परसराम हळूच म्हणाला होता, "भैय्यालाल, एखादडाव तूबी टाकत जा ना पेट्रोल."

"भाऊजी, तुमी तं तसेही जाऊनच राहिले. मी बसलो तं टाकीले भोक पडते का?"

अख्खी टपरी हसली. त्या हसण्यानंच परसरामच्या मोटरसायकलवर ताडपत्री पडली.

पण फुकट्या सायकलवरही फुकटच! त्या संध्याकाळी परसरामनं पाना घेऊन कॅरियर खोललं. सकाळी भैय्यालाल नव्या नवरीसारखा आडवा दांडीवर बसला.

चढाच्या पायथ्याशी परसराम थांबला. "गुडघ्यात चमक भरली बावा. आता तू हाण."

डबलसीटचा कायदा शाळेपासूनचा : जाताना एकानं हाणली, की येताना दुसऱ्यानं. भैय्यालालनं तो वदवून घेतला. "येतानी मी बसीन, बरं!"

"बसजो."

परसराम दांडीवर असा रेलला, जणू धानाचं पोतं. समोरून वारा, बाजूनं ट्रक. भैय्यालालचा शर्ट पाठीला चिकटला, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायलाही दम उरला नाही.

"टपरीवरून घे," परसराम गोड आवाजात म्हणाला.

"काय बे भैय्यालाल," टपरीवरून आवाज आला, "भाऊजीची वरात काढून राहिला का?"

यावेळी परसरामही हसला, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ.

संध्याकाळी भैय्यालाल दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात परसराम सायकलवर टांग टाकून एकटाच पसार झाला.

आता भैय्यालालनं भाच्याची जुनी सायकल घेतली आहे. परवा परसरामला त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं विचारलं, "आता तं तो स्वतःच्या सायकलनं जाऊन राहिला. मंग गाडी काहून नाही काढत जी?"

"काढली तं तो बसन."

म्हणून दोघं रोज सायकलनंच जातात, मधात दोन ट्रक मावतील एवढं अंतर ठेवून. परतताना भैय्यालाल मागून ओरडतो, "भाऊजी, माही येतानीची पाळी बाकी आहे!"

परसराम पायडल जोरात मारतो.