मामाजींनी नामंजूर केलेलं सॉफ्टवेअर

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात कॉम्प्युटरची मुलाखत घेणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. मामाजी उटनूरला तहसीलीत कारकून होते. निवृत्त झाले तरी घरात अजून मंजूर-नामंजूर चालतं. भाजीत मीठ कमी पडलं? नामंजूर! आणि बुद्धिबळाचं वेड तर विचारूच नका. भाजीवाल्याशी घासाघीस तेलुगूत, साहेबांशी बोलणं हिंदीत, पण शह द्यायचा तो मराठीतच. खेळलेला प्रत्येक डाव चालींसकट वहीत उतरवायचा, खाली निकाल, त्याखाली सही. त्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा मामाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, डाव साठवून शोधून देणारं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात भरून ठेवू.

झालं! मुलाखती सुरू. आमच्याकडच्या जुन्या रीतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि शह बसेपर्यंत राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. मामाजी पहिल्यांदा तीच उडी मारून बघायचे. सॉफ्टवेअर लाल खूण दाखवायचं, चाल चूक. "काऊन चूक? आमी जलमभर काय गोट्या खेळून राह्यलो व्हतो?" अशी तीन नापास झाली. चौथ्याला जुन्या रीतीचे नियम बसवता येत होते, आणि पटावर मांडणी लावली की ती ज्या ज्या डावात आली ते सगळे डाव समोर यायचे. "हा कारकून कामाचा हाय," मामाजी म्हणाले. मंजूर.

त्या वह्यांत एक पान माझंही होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला बी.एड. करायचं होतं आणि घरात सगळ्यांचा नकार. सून रोज बसनं आदिलाबादला जाणार, हे कोणाला पटेना. तेव्हा मामाजींनी सगळ्यांसमोर पट मांडला. "मले हरवशीन तं जाशीन. नाई तं विषय बंद." त्यांना घरात कोणीच कधी हरवलं नव्हतं, त्यामुळे सगळे निर्धास्त. मी माहेरी वडिलांकडून खेळ शिकले होते. आणि मी जिंकले! आज शाळेत गणित शिकवते ती त्या डावामुळे. वर्गात ही फुशारकी किती वेळा मारली असेल, देव जाणे.

गेल्या रविवारी शेवटची वही भरून झाली. मी हौसेनं माझ्याच डावातली नवव्या चालीची मांडणी शोधायला टाकली. चार डाव आले. मामाजींची सुरुवात ठरलेली, म्हणून तीच मांडणी आधीही तीनदा आली होती. तिन्ही वेळा त्यांनी घोडा पुढे घेतला आणि जिंकले. माझ्याशी खेळताना मात्र प्यादं सरकवलं आणि वजीर घालवला.

"मामाजी, त्या दिवशी घोडा दिसला नाही का तुम्हाला?"

ते चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "हे सॉफ्टवेअर बेकार हाय, पोरी. नामंजूर. काढून टाक."

मी काढलं नाही. वहीत त्या डावाखाली सहीसकट लिहिलंय, 'सूनबाई रीतसर जिंकली.' सगळ्या नोकरीत त्यांनी केलेली खोटी नोंद ही एकच असावी. तिच्यासाठी त्यांचे किती आभार मानू?

हल्ली त्यांना चाल सुचायला वेळ लागतो. काल संध्याकाळी खेळताना मला घोडा स्पष्ट दिसत होता. मी प्यादं सरकवलं.