भुतांची बाजू घेणाऱ्या कमलकाकू

लग्न होऊन मी सास्तूरला आले त्याच आठवड्यात भर दुपारी शेजारच्या घरातून बाईची किंकाळी ऐकू आली. मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन पळाले. शेजारचं दार सताड उघडं होतं. आत एक बाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या आणि समोरच्या टीव्हीत पांढऱ्या साडीतलं भूत हवेलीचा जिना उतरत होतं. बाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "भेलीस व्हय? बस की. ती तुला काय करत न्हाय. तिचं भांडण तिच्या नवऱ्यासंगं हाय."

ही कमलकाकूंची आणि माझी पहिली भेट. मी सोलापूरची, भुताच्या सिनेमाचं पोस्टर दिसलं तरी रस्ता बदलणारी. पण नव्या सुनेला दुपारी बसायला दुसरं घर कुठलं? मी जाऊ लागले. आधी डोळ्यांवर पदर घेऊन, मग पदराआडून, आणि वर्षभरात चक्क शेंगा फोडत.

काकूंचा सगळा खजिना कुरडयांच्या डब्यात असे. लोहाऱ्याच्या बाजारात सिनेमाच्या डिस्क विकणारा एक माणूस होता. त्यानं धंदा बंद केला तेव्हा भुतांच्या सगळ्या डिस्क काकूंनी स्वस्तात उचलल्या. सगळे जुने सिनेमे, हवेलीचे, वटवाघळांचे. डिस्कवर ओरखडे इतके, की भूत जिन्यात मध्येच एका पायावर उभं राही. काकू प्लेयरवर थाप मारून म्हणायच्या, "उतर बाई, कवाधरनं उभी हायस." नव्या सिनेमांना त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "नवं भूत नुसतं अंगावर येतंय. जुनं आधी दार वाजवतंय, दिवा इझवतंय, मंग येतंय. रीतभात हाय त्याला." एवढी आवड, पण शेवट त्यांनी कधी पाहिला नाही. मांत्रिक पडद्यावर आला की त्या उठून चहा टाकायच्या. "आता तिला जाळतेत. तिचं काय म्हननं हाय, कुणी इचारलं का?"

त्या भुतांची अशी बाजू का घेतात, हे मला सासूबाईंकडून कळलं. काकूंचे यजमान म्हणजे अप्पा. त्र्याण्णव साली पहाटे भूकंप झाला तेव्हा ते शेतात राखणीला होते, म्हणून वाचले. घर बसलं. त्यात त्यांची पहिली बायको सुंदराबाई आणि दोन्ही मुलं गेली. वर्ष सरल्यावर नातेवाइकांनी येरमाळ्याकडची मुलगी पाहून त्यांचं दुसरं लग्न लावलं. ती मुलगी म्हणजे कमलकाकू. त्या स्वतः हे लग्न एका वाक्यात सांगायच्या. "माझ्या बापाकडं हुंडा नव्हता, आन् ह्यांच्या घरात चूल पेटवायला बाई नव्हती. जमलं."

आमच्याकडं पहिली वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक घालतात, म्हणजे ती दुसरीला त्रास देत नाही. काकूंच्या मंगळसूत्राशेजारी नखाएवढा टाक होता. दिवाळीची साडी आधी त्याला दाखवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास त्याच्या नावानं बाजूला काढायचा. "लोक भुताला भेतेत. म्या गळ्यात घालून फिरते," असं म्हणून त्या हसत, पण ते हसणं बाहेर ओट्यावर बसलेल्या अप्पांपर्यंत पोचू नये याची काळजी घेत.

अप्पा माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, बाजाराच्या दिवशी जिलेबीचा पुडा चुकवला नाही, मुलगा झाला तेव्हा गावभर पेढे वाटले. फक्त ते बोलत नसत. सुंदराबाईंचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि कमल हे नावही. "ऐकलं का" एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. एकदा सिनेमा चालू असताना काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला एवढंच कळंना बघ पोरी. म्या ह्यांची बायको हाय, का तिच्या जागेवर बसलेली बाई हाय? इचारावं तर कुणाला?" त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण पुढं जे झालं ते सगळं या प्रश्नावरच येऊन पडलं.

दोन वर्षांपूर्वी अप्पा विसरू लागले. आधी चपला, मग शेताची वाट, मग पुण्याला कंपनीत असलेला मुलगा. एका सकाळी चहा घेऊन आलेल्या काकूंकडं बघून ते भिंतीला चिकटले. "ही बाई कोण? घरात कशी शिरली?" त्यानंतर रोज तेच. गंमत म्हणायची तर अशी, की जे अप्पा आयुष्यात कधी टीव्हीपुढं बसले नाहीत ते आता काकूंचे सिनेमे शांतपणे बघत बसत. "टीव्हीतल्या भुताला भेत न्हाईत," काकू म्हणाल्या, "मला भेतेत." एकदा अप्पांनी काकूंना बाहेर ठेवून आतून कडी घातली. भूकंपानंतर बांधलेल्या त्या घराला दिवसा कडी लागलेली कुणी पाहिली नव्हती. मी गेले तेव्हा काकू ओट्यावर बसून होत्या, हातात अप्पांच्या गोळ्या.

मग अप्पांनी जेवण सोडलं. "सुंदर वाढंल तवा जेवीन." लोहाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्या कलानं घ्या. तिसऱ्या दिवशी काकू माजघरात गेल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ताट घेऊन बाहेर आल्या. "म्या सुंदर. जेवा."

अप्पा जेवले. पोरं कुठं आहेत म्हणून विचारलं, तर काकूंनी "साळंत गेलीत" म्हणून सांगितलं. मी परसात उभी होते; तिथं येऊन त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला दुखलं. "पोटाला तर खाल्लं," त्या म्हणाल्या, "पर कमल कुठं गेली म्हनून कुणी इचारलं न्हाय."

त्या दिवसापासून त्या घरात सुंदराबाईच नांदू लागली. काकूंनी सिनेमे लावणं सोडलं. मी एकदा डिस्क काढली तर म्हणाल्या, "ठेव ती. सकाळधरनं मेलेल्या बाईचंच सोंग करायले. आनखी काय बघू?" मुलगा येऊन गेला, आईला पुण्याला चल म्हणाला. त्या गेल्या नाहीत. मला त्या घरात पाऊल टाकायचं जड होऊ लागलं होतं. तरी रोज जात होते.

उन्हाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. मी दुपारी ताक घेऊन गेले तेव्हा काकू त्यांचे पाय चेपत होत्या. अप्पा त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि एकदम स्वच्छ आवाजात म्हणाले, "सुंदर, रागावू नको. तू गेल्यावर म्या दुसरी केली."

काकूंचे हात थांबले.

"कमल नाव हाय तिचं. येरमाळ्याकडची. घर उघडं पडलं म्हनून आनली. पर मंग ती..." त्यांना शब्द सापडेना. "लई माझी झाली. तिचं नाव घ्यायला भेत व्हतो. तू ऐकशील, आन् तिचं काय तरी वाईट व्हईल. एकदा समदं गेलं माझं. परत जाऊ नये म्हनून गप ऱ्हायलो." त्यांनी दोन्ही हात जोडले. "तू तिला तरास देऊ नको. तिच्यात माझा जीव हाय."

मी दारात ताकाचा तांब्या धरून उभी होते. काकूंनी खाली मान घातली होती. पायांवर चादर ओढत म्हणाल्या, "न्हाय देत. पडा आता."

अप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. दिवसपाणी झालं, पाहुणे पांगले, तेव्हा न राहवून मी विचारलं, "काकू, त्या दुपारी 'मीच कमल' म्हणून सांगायचं ना. एकदा तरी तुम्हाला नावानं हाक मारली असती त्यांनी."

"सांगनारच व्हते," काकू म्हणाल्या. "तोंडापत्तर आलं व्हतं. पर माझ्यासाठी कुणी हात जोडायलंय, हे उभ्या जन्मात पहिल्यांदा बघत व्हते, पोरी. जरा येळ बघू वाटलं."