रिकामं आलेलं भांडं

व्हर्ना स्टिडमला नसत्या चौकशा करायची खोड होती, आणि केंटकीच्या डोंगरातल्या त्या छोट्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स राहून ती खोड पगारी झाली होती. वजन, रक्तदाब झाला की ती प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायची. पुढचे पैसे हाती येण्याआधी घरातलं खाणं संपेल अशी धास्ती वर्षभरात वाटली का? आणि खरंच संपलं का? उत्तरं तीनच: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सगळं खोरं "कधीच नाही" म्हणायचं. व्हर्नाला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, कारण तिची आई त्यातलीच होती.

त्या गुरुवारी ओलीटामावशी आल्या. वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहणाऱ्या, रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्या. महिन्यात दोनदा साखर उतरून पडल्या होत्या. बाई विसराळू झाल्यात, डोस दोनदा घेतात, त्यांना ओहायोला लेकीकडे धाडा, असं डॉक्टरांचं मत होतं. मावशींना घर सोडायचं नव्हतं. दोन्ही प्रश्नांना त्यांनी "कधीच नाही" म्हटलं आणि ईस्टरला व्हर्नानं केक घालून दिलेलं काचेचं भांडं पिशवीतून काढून दिलं.

भांडं लख्ख घासलेलं होतं, पण रिकामं. व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. नवरा गेला त्या आठवड्यातही मावशींनी शेजारणीचं भांडं मक्याचा पाव घालूनच परत केलं होतं. आणि विसराळू बाई भांडं आठवणीनं आणते?

"मावशी, प्रश्न राहू द्या. सकाळी सुई घेतल्यावर काय खाल्लंत?"

"कॉफी."

"आणि काल?"

मावशी भांड्याकडे बघत म्हणाल्या, "सुई चुकवायची नाही म्हणाले डॉक्टर, नाही चुकवली. पेन्शनला आठ दिवस आहेत. पीठ असतं, तर तुझं भांडं असं आणलं असतं होय गं?"

व्हर्नानं आधी त्यांना संत्र्याचा रस पाजला, मग डॉक्टरांना गाठून सांगितलं, मावशी विसरत नाहीत, उपाशीपोटी सुई घेतात. डोस कमी झाला, ओहायोचा विषय मिटला. मागच्या खोलीत गरजूंसाठी शिधा ठेवलेल्या फळीवरून तिनं घेवडा आणि मक्याचं पीठ आणून भांड्यात भरलं. मावशींनी हात मागे घेतला. धर्माचं नको, म्हणाल्या.

"धर्म कसला? भांडं रिकामं परत देऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मावशींनी भांडं मांडीवर घेतलं. मग प्रश्नांच्या कागदाकडे बोट केलं.

"ते 'कधीच नाही' खोड. 'कधीकधी' लिही." व्हर्नानं पेन उचललं, तशा म्हणाल्या, "राहू दे. 'नेहमी' लिही."