दोन्हीकडे नंबर

खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, की त्याच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधताच सलूनवाले काका सुस्कारा सोडायचे. "लेकीनं डोक्याला ताप करून ठेवलाय हो! दोन्ही नामांकित विद्यापीठांत नंबर लागला. इकडे आड, तिकडे विहीर!" मग गिऱ्हाईक कौतुक करायचं, सल्ला द्यायचं आणि काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. समोरच्या टेलरच्या मुलाला कुठेच प्रवेश मिळाला नव्हता. काकांनी त्या टेलरलाही हे ऐकवायचं सोडलं नाही.

आज दुपारी जेवायला घरी गेले, तर दारात चपला काढतानाच आतून बायकोचा आवाज आला. "अगं, ठरलंय तर सांगून टाक ना त्यांना."

"राहू दे गं आई," लेक म्हणाली. "दुसऱ्या विद्यापीठाला नाही म्हणून कळवलं, त्यालाही आठवडा झाला. पण बाबांना सांगितलं, तर दुकानात बोलतील काय? मिरवू दे बिचाऱ्यांना अजून थोडे दिवस."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवावं, तर पोरीचं चुकलं काय होतं? रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तशी तिनं त्यांची हौस पुरवली होती. ते तसेच उपाशी परतले.

दुकानात टेलर दाढी करायला येऊन बसला होता. आरशातूनच त्यानं आपुलकीनं विचारलं, "मग, ठरलं का पोरीचं?"

काकांनी हातात घेतलेला वस्तरा खाली ठेवला. "मान खाली घ्या," म्हणाले आणि दाढीला आलेल्या त्या माणसाचं डोकं, आरसा दिसेनासा होईपर्यंत, हळूच खाली दाबून धरलं.